प्रायमरीत उमेदवार ‘आवडला’ म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न : न्यू जर्सीत गेल्या वर्षी गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) सहा उमेदवार होते. सगळ्यांच्या भूमिका जवळपास सारख्याच वाटल्या. शेवटी ज्यांचं बोलणं भावलं त्यांना मत दिलं. घरी मात्र ‘तू मत दिलंस की मार्क दिलेस?’ अशी चेष्टा झाली. आता काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) प्रायमरीसाठी काही शिस्त लावता येईल का? (एक वाचक, एडिसन)

चेष्टा करणाऱ्यांना सांगा की यात तुमच्याइतकाच प्रायमरीचाही दोष आहे. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत नावापुढे पक्ष लिहिलेला असतो आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. प्रायमरीत सगळेच एका पक्षाचे. पक्षावरून काही ठरवता येत नाही, म्हणून ती जागा आवाज, चेहरा आणि हजरजबाबीपणा भरून काढतात. प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर तोदोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी उमेदवारांच्या फोटोंची जोडी दाखवून ‘यातला जास्त सक्षम कोण वाटतो?’ एवढंच विचारलं. सिनेटच्या सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी बोट ठेवलेला चेहराच निवडून आलेला होता. फोटो फक्त एक सेकंद दाखवला तरी अंदाज योगायोगापेक्षा चांगला निघाला. तेव्हा ठसा उमटणारच. तो वहीत वेगळ्या रकान्यात ठेवायचा, एवढं आपल्या हातात आहे.

एका पानावर चार रकाने आखा : (१) काय म्हणाले; (२) किती, कधीपर्यंत आणि पैसा कुठून; (३) हे त्या पदाच्या हातात आहे का; (४) मला काय वाटलं. चौथा रकाना सभा किंवा वादसभा संपल्यावरच भरा. आधी भरला की उरलेले तीन त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागतात.

तिसऱ्या रकान्यात सर्वाधिक गळती होते. प्रॉपर्टी टॅक्सचंच घ्या. तो गाव, शाळा आणि काउंटी लावतात. शाळांना मिळणाऱ्या राज्याच्या मदतीतून गव्हर्नर त्यावर परिणाम करू शकतात. काँग्रेसच्या उमेदवाराच्या हाती आहे ती फेडरल करातली ‘सॉल्ट’ वजावट, म्हणजे राज्याला आणि स्थानिक संस्थांना भरलेल्या करांची वजावट : २०१७च्या कायद्याने ती १०,००० डॉलरवर अडवली, २०२५मध्ये बहुतेकांसाठी ४०,००० केली. ‘मी तुमचा प्रॉपर्टी टॅक्स कमी करीन’ असं काँग्रेसचा उमेदवार म्हणाला तर ‘सॉल्टबद्दल बोलताय का?’ हा एकच प्रश्न पुरे. ग्रीन कार्डच्या रांगेचं नेमकं उलटं. एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा काँग्रेसच्या कायद्यात आहे, त्यामुळे गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने त्यावर कितीही टाळ्या घेतल्या तरी त्या रकान्यात फुली मारा.

सगळ्यांना एकच प्रश्न विचारा, त्याच शब्दांत. एकाला शाळांबद्दल आणि दुसऱ्याला रेल्वेबद्दल विचारलंत तर तुलना उत्तरांची न होता विषयांची होते. आधी काँग्रेसमध्ये किंवा विधानमंडळात काम केलेल्यांची मतदानाची नोंद उघडी असते, ती काढून पाहा. मांडलेल्या विधेयकांच्या संख्येवर भाळू नका. विधेयक मांडणं सोपं असतं, ते समितीतून बाहेर पडलं का ते बघा.

टीव्हीवरची चित्रफीत पाहून ठसा बनवण्याबद्दल इशारा. १९ जानेवारी २००४च्या रात्री राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक शर्यतीत आयोवा राज्यात तिसरे आल्यावर हॉवर्ड डीन यांनी ठोकलेली आरोळी दिवसेंदिवस वाजत राहिली. हातातला माइक आजूबाजूचा गोंगाट गाळणारा होता, म्हणून घरी बसलेल्यांना एकटा माणूस ओरडताना ऐकू आला. सभागृहात गर्दीच्या कल्लोळात तो आवाज जेमतेम पोचत होता. आणि लोक विसरतात ते हे की आयोवा ते त्या आरोळीच्या आधीच हरले होते.

प्रश्न : ‘आवडतो त्याला नको, नोव्हेंबरात जिंकेल त्याला दे’ असा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे का?

तुमच्या मतदारसंघात नोव्हेंबरची लढत खरोखर अटीतटीची असेल तरच. एका पक्षाचा बालेकिल्ला असेल तर खरी निवडणूक प्रायमरीतच होते आणि ‘जिंकेल कोण’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. अटीतटीच्या जागीही ‘जिंकू शकेल’ हे मत बहुधा इतरांच्या ठशांबद्दलचा आपला अंदाज असतो, म्हणजे चौथ्याच रकान्यातला, तोही उसना. आधी तो मतदारसंघ कोणी, किती फरकाने जिंकला हे आकडे बघा.

गर्दीच्या प्रायमरीतलं गणित मात्र समजून घ्या. न्यू जर्सीत दुसरी फेरी नाही. २०२५मध्ये मिकी शेरिल सुमारे ३४ टक्के मतांवर गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवार झाल्या. मूळचे बेळगाव जिल्ह्यातले श्री ठाणेदार २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तीन जणांत तिसरे आले, तर २०२२मध्ये डेट्रॉइटच्या १३व्या मतदारसंघात मतं खूप जणांत फुटल्यामुळे सुमारे २८ टक्क्यांवर प्रायमरी जिंकून काँग्रेसमध्ये पोचले. तेव्हा तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार फारच मागे असेल तर दुसरी पसंतही वहीत लिहून ठेवा. टेक्सस किंवा जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते, तिथे पहिल्या फेरीत मनासारखं मत देणं कमी महागात पडतं.

प्रश्न : जाहिरातींवरून उमेदवाराला कोणाचा पैसा आहे हे कळतं का?

फार थोडं. जाहिरातीच्या शेवटी ‘पेड फॉर बाय’नंतरचं नाव वाचा. तिथे उमेदवाराच्या समितीऐवजी भलत्याच गोड नावाची संस्था असेल, तर ती जाहिरात उमेदवाराची नाही. काँग्रेसच्या उमेदवारांचे हिशेब फेडरल इलेक्शन कमिशनच्या संकेतस्थळावर नावाने सापडतात. सारांशाच्या पानावर तीन ओळी बघा : २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांची बेरीज, समित्यांकडून आलेला पैसा आणि उमेदवाराने स्वतःच्या मोहिमेला दिलेलं कर्ज. तिसरा आकडा मोठा असेल तर सभेतली गर्दी आणि फलकांची संख्या पाठिंब्याचं माप म्हणून धरू नका, तो खिशाचा आवाज असू शकतो. प्रायमरीआधीचा अहवाल मतदानाच्या १२ दिवस आधी द्यावा लागतो, पण त्यात २० दिवस आधीपर्यंतचाच हिशेब असतो. त्यानंतर आलेल्या १,००० डॉलर किंवा जास्त रकमेच्या देणग्या ४८ तासांत वेगळ्या कळवाव्या लागतात, त्या नोंदी स्वतंत्र शोधा.

देणगीचा विषय निघालाच आहे तर : ग्रीन कार्ड असलेल्यांना देणगी देता येते, मत नाही. एच-१बीवर असलेल्यांना दोन्ही नाही. बायकोच्या क्रेडिट कार्डावरून नवऱ्याचे पैसे, हा मार्गही बंद आहे.

प्रश्न : आम्ही टपाली मतपत्रिका आली की त्याच दिवशी भरून पाठवतो. काही बिघडतं?

प्रायमरीत बिघडतं. १ मार्च २०२०ला पीट बुटिजेज आणि २ मार्चला एमी क्लोबुशार राष्ट्राध्यक्षपदाच्या डेमोक्रॅटिक शर्यतीतून बाहेर पडले, ३ मार्चला सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांच्या प्रायमरी. कॅलिफोर्नियात मतपत्रिका महिनाभर आधीच घरी गेल्या होत्या. नावं छापलेली होती, लोकांनी मतंही दिली होती, ती बदलता आली नाहीत. ठरलं नसेल तर लिफाफा थोपवून धरा आणि मुदत जवळ आली की टपालाऐवजी ड्रॉप बॉक्समध्ये टाका. मात्र न्यू जर्सीत टपाली मतपत्रिका मागवून नंतर मतदान केंद्रावर गेलात तर यंत्रावर मत देऊ देत नाहीत, कागदी प्रोव्हिजनल मत द्यावं लागतं आणि ते नंतर तपासून मोजतात.

प्रश्न : आमची नोंद कुठल्याच पक्षात नाही. प्रायमरीत मत देता येईल?

राज्यावर अवलंबून. न्यू जर्सीत बिनपक्ष मतदार त्याच दिवशी केंद्रावर पक्ष निवडू शकतो, पण त्यानंतर त्याची नोंद त्या पक्षात होते. एका पक्षातून दुसऱ्यात जायचं असेल तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. न्यूयॉर्कमध्ये बिनपक्ष माणसाला दारच बंद. २०१६मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या इव्हांका आणि एरिक या मुलांनाही मुदत हुकल्यामुळे वडिलांना तिथे मत देता आलं नाही. मिशिगनमध्ये पक्षनोंदणीच नाही. ऑगस्टच्या प्रायमरीत एकाच कागदावर दोन्ही पक्षांचे रकाने असतात आणि चांगली माणसं निवडायच्या उत्साहात दोन्हीकडे खुणा केल्या की पक्षाच्या भागातली सगळी मतं बाद. केंद्रावर यंत्र असा कागद परत करतं आणि नवा मिळतो. टपालाने पाठवलेल्या कागदाला ही सोय नाही. कॅलिफोर्नियात ‘अमेरिकन इंडिपेंडंट’ नावाचा एक खराखुरा पक्ष आहे. आपण कुठल्याच पक्षाचे नाही असं समजून त्यावर खूण केलेले पुष्कळ लोक आहेत. तिथे ‘नो पार्टी प्रेफरन्स’ हे शब्द शोधा.