'तत्त्वतः मान्य' झाल्यानंतर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे निवेदन दोनदा वाचले. थेट पक्षाध्यक्षांना, स्वतःच्या सहीने आणि तेही पोर्नोग्राफीवर सरसकट बंदी मागणारे निवेदन लिहायला तुझ्या वयात मी धजले नसते, हे आधी मान्य करते. 'हा विषय आपल्या मुलींनी काढायचा नाही' असे तुमच्या जिल्ह्यातल्या ज्येष्ठांनी तुला बजावले, याचे मला नवल वाटले नाही. नेतृत्वाने नकार दिला तर पुढे काय करावे, असे तू विचारले आहेस. मला काळजी निराळीच आहे. ते हो म्हणाले तर तू काय करणार आहेस?

वर्गात ब्रिटिश संसद शिकवताना मी प्रतोद, पक्षादेश आणि मागच्या बाकांवरचे खासदार यांच्याबद्दल पुष्कळ बोलले असेन, पण क्लेअर पेरी यांची गोष्ट सांगायची राहून गेली. त्या 2010 साली डिव्हायझेस मतदारसंघातून हुजूर पक्षाच्या तिकिटावर पहिल्यांदा निवडून आल्या आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांनी संसदेत मुलांपर्यंत पोहोचणाऱ्या ऑनलाइन पोर्नचा विषय काढला. सरकार त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीचे होते आणि इंटरनेट कंपन्यांनी स्वतःला स्वतःच शिस्त लावावी, पालकांनी डोळस राहावे, कायद्याने मध्ये पडू नये, अशी सरकारची भूमिका होती. पेरी यांनी बंदी मागितली नाही. घरात येणाऱ्या जोडणीवर प्रौढांसाठीचा मजकूर मुळातच बंद असावा आणि ज्या प्रौढाला तो हवा असेल त्याने तो मागून सुरू करून घ्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. नेत्याच्या दारात जाऊन बसण्याऐवजी त्यांनी सर्वपक्षीय खासदारांची एक स्वतंत्र चौकशी उभी केली, कंपन्यांना आणि मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना बोलावून साक्षी घेतल्या आणि एप्रिल 2012 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्या कागदावर विरोधी पक्षातल्या लोकांच्याही सह्या असल्यामुळे त्याला पक्षांतर्गत कुरबूर म्हणून बाजूला सारणे नेतृत्वाला अवघड झाले.

तरीही डिसेंबर 2012 मध्ये सरकारने मागणी नाकारली. जनतेची मते मागवली तेव्हा बहुसंख्य पालकांनीसुद्धा असा सरसकट अडसर मागितला नव्हता, असे कारण दिले गेले. आणि त्याच महिन्यात पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी पेरी यांना बालकांविषयीच्या प्रश्नांवर आपल्या सल्लागार म्हणून नेमले. नाराज माणसाला आत बोलावून पाटावर बसवायचे, हा उपाय आपल्याकडच्या राजकारण्यांनी शोधला असे आपण उगाच समजतो. पेरी यांनी मात्र त्या पाटाचा उपयोग केला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. 22 जुलै 2013 रोजी कॅमेरून यांनी जाहीर भाषणात घोषणा केली की बीटी, स्काय, टॉकटॉक आणि व्हर्जिन या चार कंपन्या नव्या ग्राहकांना जोडणी देताना फिल्टर आधीच निवडलेला ठेवतील. या चौघींकडे मिळून देशातल्या सुमारे 90 टक्के जोडण्या होत्या. अडीच वर्षांपूर्वी एका नवख्या खासदाराने मागितलेली गोष्ट पंतप्रधानांच्या तोंडून बाहेर पडली होती.

इथे तुझ्यासारखी कार्यकर्ती पेढे वाटून मोकळी होते.

पुढच्याच वर्षी ऑफकॉम या नियामक संस्थेने पाहणी केली, तेव्हा नव्या ग्राहकांपैकी बीटीच्या 5 टक्के, स्कायच्या 8 टक्के, व्हर्जिनच्या 4 टक्के आणि टॉकटॉकच्या 36 टक्के ग्राहकांनी फिल्टर ठेवल्याचे दिसले. टॉकटॉकने हे काम इतरांच्या आधी, 2011 पासून हाती घेतले होते, हे लक्षात घे. घोषणेमागे कायदा नव्हता, कंपन्यांशी झालेला समझोता होता. तो कोणी कसा पाळावा, न पाळल्यास काय, हे कुठेच बांधलेले नव्हते. शिवाय त्या फिल्टरांनी लैंगिक शिक्षण देणारी आणि अत्याचारग्रस्त स्त्रियांना मदत करणारी काही संकेतस्थळेही अडवली. ज्यांच्यासाठी हा आटापिटा केला त्यांच्यापैकी काही जणींचीच वाट बंद झाली, याची बोच त्या वेळी ज्यांनी आवाज उठवला त्यांना लागली असेल की नाही, कोण जाणे. मला मात्र वाचतानाही लागली.

आपल्या प्रशासनात 'तत्त्वतः मान्य' असा एक शब्दप्रयोग आहे. माझ्या ओळखीच्या एका नगरसेविकेची मागणी एकदा अशीच तत्त्वतः मान्य झाली होती. तिच्यासाठी टिपण मीच लिहिले होते, म्हणून आठवते. सभागृहात टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चौकट आली, आणि त्यानंतर तो कागद कोणत्या टेबलावर गेला हे आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत कळले नाही. आम्ही पाठपुरावा केला नाही, कारण आम्ही जिंकलो आहोत असे आम्हाला वाटत होते.

ब्रिटनमध्ये पुढे जे झाले ते याच जातीचे आहे. हुजूर पक्षाने 2015 च्या जाहीरनाम्यात पोर्न संकेतस्थळांना वयपडताळणी सक्तीची करण्याचे वचन दिले आणि एप्रिल 2017 मध्ये तसा कायदाही संमत झाला. अंमलबजावणीची तारीख सरकत सरकत 15 जुलै 2019 वर आली. ती महिन्याभरावर असताना मंत्र्यांनी सभागृहात सांगितले की नियमांची पूर्वसूचना युरोपीय आयोगाला द्यायची राहून गेली, म्हणून काम पुन्हा पुढे ढकलावे लागेल. ऑक्टोबरात तर त्या वेळच्या मंत्री निकी मॉर्गन यांनी ती तरतूद अमलात आणण्याचा विचारच सोडून दिला आणि पुढे येणाऱ्या मोठ्या कायद्यात सगळे पाहू असे सांगितले. त्या मोठ्या कायद्याचा मसुदा मे 2021 मध्ये आला, तेव्हा वापरकर्त्यांना मजकूर टाकू न देणारी, निव्वळ व्यावसायिक पोर्न संकेतस्थळे त्याच्या कक्षेतून सुटली होती. फेब्रुवारी 2022 मध्ये ओरड झाल्यावर त्यांना आत घेण्यात आले.

आता दुसरी बाई, मिरियम केट्स. त्याही हुजूर पक्षाच्या, 2019 साली निवडून आलेल्या. जानेवारी 2023 मध्ये त्याच मोठ्या कायद्याचे विधेयक कॉमन्ससमोर, म्हणजे कनिष्ठ सभागृहासमोर, असताना त्यांनी बिल कॅश या जुन्या जाणत्या सहकाऱ्याबरोबर एक दुरुस्ती मांडली: मुलांच्या सुरक्षिततेची कर्तव्ये धाब्यावर बसवणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद असावी. पोर्न हा त्या कर्तव्यांचा एक भाग होता. पक्षातल्या जवळजवळ 50 खासदारांनी त्या दुरुस्तीवर सह्या केल्या आणि सरकारचे बहुमत 70 च्या आत असल्यामुळे त्यांतले 35 जण विरोधकांबरोबर गेले असते तरी सरकार हरले असते. मतदानाच्या आदल्या दिवशी सरकार नमले. पण कसे नमले ते पाहा. दुरुस्ती मागे घ्यायची, आणि सरकार पुढे लॉर्ड्समध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, स्वतःची दुरुस्ती आणेल, असे ठरले. सरकारने आणलेला मजकूर मूळ मागणीपेक्षा अरुंद होता. नियामकाने दिलेला आदेश डावलण्यास ज्या अधिकाऱ्याची संमती किंवा मूक साथ असेल, त्याच्यावर गुन्हा दाखल होऊ शकेल, एवढ्यावर ते आले. केट्स यांच्याकडे मात्र पेरी यांच्याकडे नव्हती अशी एक गोष्ट होती: मंत्र्यांनी सभागृहात ठेवलेले लेखी निवेदन. त्यामुळे शब्द फिरवायला जागा कमी उरली, आणि 26 ऑक्टोबर 2023 रोजी राजसंमती मिळालेल्या कायद्यात ते कलम आहे.

तुझ्या निवेदनात 'आम्ही सर्व स्त्रिया' असे चार वेळा आले आहे. ते काढून टाक. त्याच विधेयकाविषयी 2022 च्या उन्हाळ्यात, नेतेपदाच्या निवडणुकीला उभ्या असताना, केमी बेडनॉक यांनी ते कायदा होण्याच्या लायकीचे नाही असे जाहीरपणे म्हटले होते, आणि त्यांचा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता. त्याही स्त्रीच, त्याही त्याच पक्षाच्या. विरुद्ध बाजूच्या बाईला गद्दार ठरवण्यापेक्षा तिच्या आक्षेपाचे उत्तर मसुद्यातच देऊन ठेवणे अधिक उपयोगाचे असते.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे आणि ती तुला ठाऊक असायला हवी. केट्स यांना पक्षादेश मोडण्याची धमकी देता आली, कारण तिथे पक्षादेश मोडणाऱ्या खासदाराला फार तर पक्ष बाहेर काढतो. खासदारकी जात नाही. आपल्याकडे 1985 पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, म्हणजे पक्षांतरबंदीने, ती वाट बुजवली आहे. त्यामुळे तुझ्या पक्षाच्या एखाद्या महिला खासदाराला मतदानातून दबाव आणता येणार नाही. अशासकीय विधेयक, शून्य प्रहर, प्रश्नोत्तरे आणि समित्या एवढीच साधने तिच्या हाती आहेत. ती लहान आहेत असे समजू नकोस. समाजमाध्यमांवरील पोर्नोग्राफी आणि तिचा मुलांवर होणारा परिणाम या विषयावर राज्यसभेच्या सभापतींनी जयराम रमेश यांच्या अध्यक्षतेखाली तदर्थ समिती नेमली होती आणि तिने 2020 च्या सुरुवातीला अहवाल दिला. तुझ्या निवेदनात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही. आधी तो वाच, त्यातल्या कोणत्या शिफारशींचे काय झाले ते माहितीच्या अधिकारात विचार, आणि मग लिहायला बस.

आणि सरसकट बंदीची मागणी सोड. ती आपण करून पाहिली आहे. 31 जुलै 2015 रोजी दूरसंचार विभागाने 857 संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश काढला. चार-पाच दिवसांत तो सौम्य करून बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर नसलेली स्थळे खुली ठेवायला हरकत नाही असे सांगावे लागले, आणि कोणत्या स्थळावर काय आहे हे आम्ही कसे ओळखायचे, असे सेवा पुरवठादार विचारू लागले. व्यापक मागणीला नेता चटकन हो म्हणतो, कारण ती पुरी होणार नाही हे त्याला पक्के ठाऊक असते. याच्या उलट, कॅमेरून यांच्या एके काळच्या माध्यम सहायक गॅबी बर्टिन यांनी लॉर्ड्सच्या सदस्य म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये जो अहवाल दिला, त्यात 32 शिफारशी होत्या; त्यांपैकी गळा आवळण्याची दृश्ये असलेल्या पोर्नवर बंदी घालण्याची एक नेमकी शिफारस सत्तांतरानंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनेही उचलली.

थट्टेची भीती तू लिहिली आहेस. 1986 च्या मार्चमध्ये मजूर पक्षाच्या क्लेअर शॉर्ट यांनी वृत्तपत्रांतल्या अर्धनग्न छायाचित्रांविरुद्ध विधेयक मांडले, तेव्हा सभागृहातले पुरुष खदखदून हसले होते आणि 'द सन'ने त्यांच्यावर वर्षानुवर्षे राग काढला. त्यांच्या टपालात मात्र देशभरातल्या हजारो स्त्रियांची पत्रे आली. विधेयक कायदा झाले नाही. त्या वृत्तपत्राने ती प्रथा 2015 साली आपण होऊन थांबवली. तुझ्याकडे पत्रे येणार नाहीत, व्हॉट्सॲपवर घाण येईल. ती जपून ठेव, तारखेसह. पुढे तक्रार करावी लागली तर लागेल.

ब्रिटनमध्ये वयपडताळणी प्रत्यक्ष सुरू झाली ती 25 जुलै 2025 रोजी, पेरी यांनी विषय काढल्यानंतर पंधराव्या वर्षी. नियम मोडल्यास 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या 10 टक्के, यांतली मोठी रक्कम दंड म्हणून आकारता येते. त्याच आठवड्यात तिथे आपण कोणत्या देशात आहोत हे लपवणारी व्हीपीएन ॲप डाउनलोड करणाऱ्यांची रीघ लागली आणि ओळखपत्रांची माहिती कोणाकडे साठते यावरून नवा वाद पेटला. पेरी तोवर संसदेत नव्हत्या, आणि 2024 च्या निवडणुकीत केट्सही पराभूत झाल्या होत्या.

तेव्हा दुसरा मसुदा करताना एवढे कर. मागणी एकच ठेव. ती मान्य झाली तर कोणता विभाग, कोणत्या तारखेपर्यंत, कोणता आदेश काढील, हे तुझ्याच शब्दांत लिही. मुलींना माहिती आणि मदत देणारी संकेतस्थळे चुकून अडली तर ती किती दिवसांत उघडावीत, हेही त्यात घाल. पक्षाध्यक्षांची भेट मिळाली तर त्यांच्या होकाराचे इतिवृत्त त्याच संध्याकाळी त्यांच्या कार्यालयाला पाठव आणि पोच घे. दुसऱ्या पानावर 'पाश्चात्त्य विकृती' असा शब्द आहे, तो खोड. आणि सहीखाली हुद्दा लिहायचा राहिला आहे, तो लिही.

मसुदा गुरुवारपर्यंत आला तर रविवारी वाचून परत करीन.

कळावे.

तुझ्या मॅडम