मंडळाची वही हाच तुझा प्रकल्प

प्रश्न: मी नागपुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ‘गणेशोत्सवाचा आर्थिक परिणाम’ हा विषय घेतला आहे. महालातल्या आमच्या मंडळानं यंदा हिशेबाचं कामही माझ्याकडे दिलं आहे. बाबा म्हणतात, सी.ए. व्हायचं असेल तर वर्गणीच्या पावत्या फाडत बसू नकोस. प्रकल्प कसा करू? आणि या कामाचा पुढे काही उपयोग होईल का?

उत्तर: पावत्या फाडणं वेगळं आणि हिशेब ठेवणं वेगळं. दारोदार फिरण्यात तुझ्या संध्याकाळी जाणार असतील तर बाबांचं म्हणणं बरोबर आहे. ते काम इतर कार्यकर्त्यांना करू दे. वही मात्र सोडू नकोस. रोजचा पाऊण तास आणि विसर्जनानंतरचे दोन रविवार, एवढ्यात होणारं हे काम आहे. पुस्तकातली निम्मी प्रकरणं त्यात खऱ्या कागदांवर भेटतात.

आधी प्रकल्पाचं बघू. ‘सणात इतक्या कोटींची उलाढाल’ असे आकडे दर वर्षी छापून येतात. त्यातला एखादा उचलून प्रकल्पाची सुरुवात करू नकोस. उलाढाल म्हणजे एकच पैसा अनेकदा मोजलेला असू शकतो. उदाहरणादाखल धर, माती आणून देणाऱ्यानं मूर्तिकाराला ३०० रुपयांची माती दिली. मूर्तिकारानं मूर्ती घडवून १,५०० ला विक्रेत्याला दिली आणि विक्रेत्यानं ती २,५०० ला एका घरी दिली. तिन्ही विक्री मिळवल्या तर उलाढाल ४,३०० होते. प्रत्यक्षात भर पडली ती ३०० अधिक १,२०० अधिक १,०००, म्हणजे २,५०० रुपयांची. शिवाय ज्या घरानं ५०० रुपये वर्गणी दिली, त्यानं त्या महिन्यात दुसरीकडे हात आखडता घेतला असेल, तर शहराच्या एकूण खर्चात नवीन असं थोडंच आलं. हा फरक पहिल्याच पानावर मांडलास तर पुढचा प्रकल्प सरळ रुळावर येईल.

दुसरी अडचण तारखेची. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास आल्यानं ती १४ सप्टेंबरला आहे. एखाद्या दुकानाच्या ऑगस्ट २०२५ आणि ऑगस्ट २०२६ च्या विक्रीचे आकडे शेजारी ठेवलेस तर यंदा धंदा बसला असं दिसेल, आणि ते चूक असेल. तुलना महिन्याची करायची नाही, चतुर्थीच्या आधीच्या ३० दिवसांची करायची. २०२५ च्या आकड्यांत आणखी एक मेख आहे. जी.एस.टी.चे दर कमी होणार हे १५ ऑगस्टला जाहीर झालं, परिषदेनं ३ सप्टेंबरला निर्णय घेतला आणि नवे दर २२ सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेच्याच दिवशी लागू झाले. एअर कंडिशनर आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले. त्यामुळे गणपतीत घ्यायची वस्तू लोकांनी नवरात्रापर्यंत थांबवली. सीताबर्डीच्या एखाद्या दुकानाची त्या नवरात्रातली उडी तू सगळी सणाच्या खात्यात टाकलीस, तर व्हायव्हाला पहिला प्रश्न तिथंच येईल.

आता प्रत्यक्ष माहिती. पूर्ण शहर कवेत घेऊ नकोस. चितार ओळीतला एक मूर्तिकार, एक मंडपवाला आणि एक फुलवाला, इतकं पुरे. मूर्तिकाराकडे चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात जाऊ नकोस, त्याला मान वर करायला वेळ नसतो. आताच जा आणि एका मूर्तीचं खर्चपत्रक मांड: माती, तणस, बांबू, सुतळी, रंग, मजुरी, जागेचं भाडं. मजुरीत त्याची स्वतःची आणि घरच्या बायकांची मेहनत बहुतेक वेळा धरलेलीच नसते. ती धरून आणि न धरून, दोन्ही आकडे काढ. नफा कुठे विरघळतो ते तिथं दिसतं.

मूर्तिकाराला मालाच्या मूल्यांकनाचाही प्रश्न विचार. चतुर्थीच्या सकाळी १,५०० ला जाणारी मूर्ती त्याच संध्याकाळी ५०० लासुद्धा कोणी घेत नाही. पितृपक्षात बसणाऱ्या हडपक्या गणपतीमुळे नागपुरात थोडी मागणी आणखी निघते, पण ती मोजक्या मूर्तींची. म्हणजे उरलेल्या मूर्तीची किंमत वहीत १,५०० धरता येत नाही आणि लागत खर्चही धरता येत नाही. लागत खर्च किंवा प्रत्यक्षात मिळू शकणारी निव्वळ किंमत, यांतली जी कमी ती घ्यायची. मालसाठ्याच्या मूल्यांकनाचा नियम, म्हणजे लेखा मानक २, हेच सांगतो. आता याच भागात तान्ह्या पोळ्यासाठी विकायला येणारा चाकांचा लाकडी बैल बघ. तो उरला तर गोणपाटात गुंडाळून माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी रंगाचा एक हात मारून पुन्हा दुकानात येतो. त्याची किंमत फारशी पडत नाही, मात्र वर्षभर पैसा अडकतो आणि जागा जाते. मूर्ती आणि बैल ही जोडी प्रकल्पात घेतलीस तर हे मानक पुन्हा पाठ करावं लागणार नाही.

मंडळाच्या हिशेबात गडबड सुरू होते ती पावती पुस्तकांपासून. छापून आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद कर: कितव्या क्रमांकापासून कितव्यापर्यंत, कोणाला दिलं, कधी दिलं, कधी परत आलं. कोरी पुस्तकंही परत आली पाहिजेत. रद्द पावती फाडून फेकू देऊ नकोस. दोन्ही प्रती पुस्तकातच, वर ‘रद्द’ असं लिहून. रोज रात्री स्थळप्रतींची, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रतींची बेरीज आणि हातातली रोकड जुळव. तीन दिवसांनी जुळवायला बसलीस तर ज्याच्याकडे पुस्तक होतं त्यालाच काही आठवत नाही. वर्गणीच्या रोकडीतून परस्पर खर्चही करू द्यायचा नाही. ‘पाचशे आले होते, हाराला दिले’ हे वाक्य ऐकलंस की दोन नोंदी कर, पाचशे जमा आणि पाचशे खर्च, हाराच्या बिलासकट.

क्यू.आर. कोड मंडळाच्या बँक खात्याचाच हवा. सचिवाच्या किंवा अध्यक्षाच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेतले की पुढे त्यांच्या घरच्या व्यवहारात ते मिसळतात आणि भल्या माणसावर नाहक संशय येतो. दानपेटी दोघांच्या समक्ष उघडायची, नोटांची संख्या लिहून तिघांच्या सह्या घ्यायच्या. कोणी महाप्रसादाचे तांदूळ दिले तर त्यांची बाजारभावानं किंमत काढून ती देणगीतही दाखव आणि खर्चातही.

शेवटी पत्रकं. इथे बहुतेक मंडळं जमा-खर्च वाचून दाखवतात आणि थांबतात. तू पुढं जा. नमुन्याचे आकडे घे. सुरुवातीची शिल्लक १२,०००. वर्गणी आली १,८०,०००. फलकांच्या जाहिराती ठरल्या ४०,००० च्या, हातात आले २५,०००. मंडपाचं बिल ७०,०००, त्यातले दिले ५०,०००. मूर्ती ३०,०००, रोषणाई आणि ध्वनी ४०,०००, महाप्रसाद ४५,०००. हे तिन्ही पूर्ण दिले. एकूण जमा २,१७,०००, एकूण दिले १,६५,०००, हातात ५२,०००. सभेत सगळे म्हणतील, बावन्न हजार उरले. पण वर्षाचं उत्पन्न २,२०,००० आणि खर्च १,८५,०००, म्हणजे खरा वाढावा ३५,०००. ताळा असा: जुने १२,००० अधिक ३५,००० म्हणजे ४७,०००, आणि हातातले ५२,००० अधिक येणे १५,००० वजा मंडपवाल्याचे देणे २०,००० म्हणजेही ४७,०००. जाहिरातीचे ते १५,००० बुडणार असतील तर वाढावा २०,००० वरच येतो. देणं विसरून बावन्न हजारांच्या भरवशावर पुढचा कार्यक्रम ठरवणं, ही चूक मंडळांत वरचेवर होते. हे एक पान सभेत समजावून सांगता आलं, तर उपार्जित लेखांकन, म्हणजे रोकड हलली नसली तरी येणं-देणं धरून हिशेब मांडणं, तुला आलं असं समज.

कायद्याचं थोडक्यात. मंडळ नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी सुरू करण्याआधीच धर्मादाय कार्यालयाची, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खालची परवानगी लागते. ती घेतली आहे का, हे आजच विचार. नोंदणीकृत असेल तर त्याच कायद्याच्या ठरलेल्या नमुन्यांत, ताळेबंद शेड्यूल आठमध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक शेड्यूल नऊमध्ये जातं. ते कोरे नमुने समोर ठेवूनच खाती उघड, म्हणजे शेवटी जुळवाजुळव करावी लागत नाही. एकाच माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. आयकराची कलमं मात्र जुन्या पुस्तकातून पाठ करू नकोस. १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा १ एप्रिल २०२६ पासून आला आहे आणि क्रमांक बदलले आहेत.

सी.ए.साठी तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. बी.कॉम.ला ५५ टक्के मिळाले तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमिजिएट या पुढच्या परीक्षेला जाता येतं. टक्क्यांची खात्री नसेल तर आताच फाउंडेशनची नोंदणी कर. इंटरचे दोन्ही ग्रुप झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे सी.ए. फर्ममधली उमेदवारी असते. त्या वेळी फर्ममध्ये मुलाखतीला बसशील तेव्हा ‘मंडळाची खजिनदार होते’ एवढंच सांगून भागणार नाही. बायोडेटात असं लिही: किती पावत्या तपासल्या, रोकड आणि बँक खातं किती दिवसांनी जुळवलं, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद स्वतः तयार केला. आकडे तुझे, खरे. पत्रकांची प्रत सोबत ठेव, पण देणगीदारांची नावं झाकून आणि मंडळाची परवानगी घेऊन.

परीक्षेची तारीख आणि विसर्जन एकमेकांजवळ येणार असतील तर वही आधीच कोणा दुसऱ्याला शिकवून ठेव. आणि कार्यकर्त्यांना एकच तारीख सांग: विसर्जनानंतर आठव्या दिवसापर्यंत सगळी पुस्तकं आणि सगळी बिलं तुझ्या हातात. त्यानंतर आलेल्या बिलाचे पैसे समितीच्या सभेत मंजूर झाल्याशिवाय द्यायचे नाहीत, हे वर्गणी सुरू होण्याआधीच ठरावात लिहून घे.