आयकॉनमधला चेहरा काळा का पडतो?

प्रश्न : दादा, मी प्रोफाइलसाठी १०० बाय १०० पिक्सेलचे आयकॉन बनवते. फोटोवर जुन्या कागदाची तीन टेक्श्चर, प्रत्येक वेगळ्या लेयरवर (थरावर), मल्टिप्लाय मोडला (वरचा थर खालच्यात मिसळायची एक पद्धत) टाकते आणि वरून वेलबुट्टीचा ब्रश मारते. मोठं असताना चालून जातं, पण लहान केलं की चेहरा काळा आणि वेलीच्या जागी नुसता डाग. ओपॅसिटी (थर किती ठळक दिसावा ते) कमी केली तर सगळा इफेक्टच जातो. काय करू?

उत्तर : अहो, मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार आहे तो. पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०, बाकी सगळे मधले अपूर्णांक, त्यामुळे गुणलं की आकडा खालीच जाणार. तुमचा कागद फिकट वाटतो ना, समजा २५५ पैकी (सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण पांढरा म्हणजे २५५) २०० आहे आणि गालावरचा उजेड १८०, तर पहिल्या लेयरनंतर तो होतो १४१, दुसऱ्यानंतर १११ आणि तिसऱ्यानंतर ८७! एकेक लेयर सुटा बघितला तर गरीब बिचारा दिसतो, म्हणून कुणावर संशयच येत नाही. मोठ्या फोटोत नाकडोळे ओळखू येतात म्हणून खपतं, लहानात नाही.

तर मल्टिप्लायला एकच टेक्श्चर ठेवा, दुसरं सॉफ्ट लाइटला टाका आणि तिसरं सरळ उडवा. सॉफ्ट लाइटमध्ये मधल्या राखाडीपेक्षा उजळ असेल ते फोटो उजळवतं, म्हणजे तोच कागद आता गालाला मदत करेल. तरी कमी पडलं तर फोटोची कॉपी करून स्क्रीन मोडला लावा, तीसेक टक्के ओपॅसिटी पुरते, काळे केस काळेच राहतात आणि मधले रंग वर येतात. चेहऱ्यावरचं टेक्श्चर इरेझरने खोडू नका, मास्क (थराचा भाग न खोडता नुसता झाकणारा पडदा) लावून त्यावर मऊ काळा ब्रश फिरवा, उद्या मत बदललं तर परत आणता येतं (बदलतंच).

आता वेल. हजार पिक्सेलच्या चित्रात जी रेघ ३ पिक्सेलची होती ती १०० वर आणली की ०.३ पिक्सेल उरते, मग सॉफ्टवेअर तिला शेजारच्या रंगात कालवून टाकतं, तोच तुमचा डाग. म्हणून आधी क्रॉप, मग रिसाइझ, आणि ब्रश सगळ्यात शेवटी, नव्या लेयरवर. अख्खी वेल बसवायचा हट्ट सोडा, एक पान आणि एक वळण कोपऱ्यात आलं तरी पुष्कळ. बारीक रेघ हवी असेल तर ब्रशऐवजी पेन्सिल टूल घ्या, त्याच्या कडा विरघळत नाहीत. झूम करून काम करा पण दर दोन मिनिटांनी १०० टक्क्यांवर येऊन बघा. मी एकदा एका आयकॉनवर ११ लेयर चढवले होते, नंतर सात बंद केले तर मला स्वतःलाच फरक कळेना.

प्रश्न : सेव्ह केल्यावर अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात, ते कशामुळे?

उत्तर : जेपीजीमुळे. तो चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतो आणि अक्षराची तीक्ष्ण कड त्यात सापडली की आजूबाजूला कचरा सांडतो. पीएनजी करा, एवढ्याशा चित्राची फाइल काही फार फुगत नाही. हलणारा आयकॉन असेल तर जिफ, पण त्यात एका फ्रेमला २५६ रंगच मिळतात, तेव्हा ते सॉफ्ट लाइटचे मऊ उतार तिथे पट्ट्यापट्ट्यांचे दिसतील.