पहिली चिमुकली बाग करताना

पॉलिमर क्लेची (ओव्हनमध्ये भाजून कडक होणाऱ्या रंगीत प्लास्टिक मातीची) बाग करताना पहिल्याच खेपेला कारंजं, पूल, झोपाळा असं सगळं मांडायला जाऊ नका. एक कुंडी, दोन झुडपं, चार दगडांची पायवाट, बस्स. प्रमाण मात्र आधी ठरवा. १:१२ धरलं तर ६ इंचांची कुंडी अर्ध्या इंचाची होते. तिच्यात नखाएवढा गुलाब खोचलात की तो कोबीचा गड्डा वाटतो.

पानांना नुसता हिरवा नको. त्यात चिमूटभर पिवळा, जरासा तपकिरी मिसळा आणि मळणं अर्धवट सोडा, रेघा राहू देत. हिरवळीला जुना टूथब्रश घ्या. घासायचा नाही, टोचत जायचं. दगडांवर फॉइलचा चुरगळलेला बोळा दाबा. तसाच बोळा टेकडीच्या पोटात भरला की क्लेही वाचते.

बहुतेकांचं बिनसतं ते भाजताना. ही क्ले हवेत वाळत नाही. पाकिटावरचं तापमान पाळा, बहुधा ११० ते १३० अंश सेल्सिअस असतं. ओव्हनच्या बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझं पहिलं पांढरं कुंपण तपकिरी होऊन बाहेर आलं. आता ते 'जुनं लाकूड' म्हणून मिरवतं! पण क्ले जळून धूर आला तर गंमत नाही. तिच्यात पीव्हीसी असतं, धूर घातक. ओव्हन बंद करा, खिडक्या उघडा. आणि मायक्रोवेव्ह अजिबात नको.

गरम तुकडा मऊ लागतो, म्हणून कच्चा समजू नका. गार झाल्यावरच तपासा.

हो, पांढरी फुलं सगळ्यात आधी करा, हात स्वच्छ आहेत तोवर.