2.2 गुण मिळाले, आता समुपदेशक होऊ नको का?

प्रश्न : मी टीवायबीएला आहे, विषय मानसशास्त्र. प्रॅक्टिकलसाठी आत्म-करुणेची, म्हणजे आपण स्वतःशी किती मायेने वागतो हे मोजणारी, प्रश्नावली स्वतःच भरली. 5 पैकी 2.2, म्हणजे 'कमी' आले. चांगल्या तीन भागांत 3च्या आसपास, पण उरलेल्या तिन्हींत उलटे गुण दिल्यावर जेमतेम 1.4. जिला स्वतःशीच नीट वागता येत नाही, ती दुसऱ्यांना काय सांभाळणार? एमएचा विचार सोडू का? – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : या आकड्यासाठी तर मुळीच सोडू नकोस.

तू भरलीस ती मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांची 2003 सालची 26 विधानांची प्रश्नावली असणार. त्यातली 13 विधानं स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्यांच्याच होतात हे जाणणं आणि दुःखाकडे भान ठेवून पाहणं याबद्दलची. उरलेली 13 स्वतःला कोसणं, एकटं पडल्यासारखं वाटणं आणि त्याच विचारात बुडून जाणं याबद्दलची. दुसऱ्या गटाचे गुण उलटे करून (5 चा 1, 4 चा 2) सहा भागांची सरासरी काढतात. तुझे भागवार आकडे पाहा. माया मध्यम आहे, एकूण गुण खाली ओढलेत ते स्वतःवरच्या टीकेने. टीकेची ही विधानं करुणेच्या गुणांत मिसळावीत का, यावरच अभ्यासकांत वाद आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर म्युरिस यांचा आक्षेप असा, की त्यामुळे नैराश्य-चिंतेशी असलेलं नातं फुगून दिसतं. नेफ यांना तो मान्य नाही. 'कमी-मध्यम-जास्त' या रेषाही ढोबळ आहेत. हे निदानाचं साधन नाही, भरतीची चाळणी तर नाहीच.

शिवाय उत्तरं तुझीच. विधानं विचारतात, अडचणीच्या वेळी तू बहुतेकदा कशी वागतेस. एटीकेटी लागलेल्या आठवड्यात 'बहुतेकदा' म्हणजे तोच आठवडा वाटतो. स्वतःबद्दल कडक असणारी मुलगी उत्तरं देतानाही कडकच असते. उलट, आपण किती समंजस आहोत हे दाखवायला 5-5 ठोकणारेही वर्गात असतात, आणि त्यांना कुणी समुपदेशक व्हायला सुचवत नाही!

समुपदेशनात ऐकून घेणं, प्रश्न विचारणं, स्वतःची मतं बाजूला ठेवणं ही शिकायची कौशल्यं आहेत. एमएच्या प्रात्यक्षिकांत आणि पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केसेस घेताना ती घडतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल, तर मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवड, प्रवेशाआधी यादी तपासून घे.

एक गोष्ट मात्र मी हलक्यात घेणार नाही. स्वतःला दोष देण्यापायी झोप उडत असेल, जेवण जात नसेल, तर आधी स्वतः समुपदेशकाकडे जा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. उद्या क्लायंटच्या खुर्चीचा हा अनुभव कामालाच येईल.

आणि भागवार आकडे वेगळे काढून पाहणारे विद्यार्थी थोडे असतात. मानसमापनाचा पेपर मनापासून घे. एमएच्या प्रबंधाला हाच वाद विषय म्हणून चालेल का, ते तुमच्या विभागातल्या सरांना किंवा मॅडमना आत्ताच विचारून ठेव.