राज्यशास्त्र घेतलंय, पुढे काय?

प्रश्न : ताई, मी परभणीला टीवायबीएला आहे, स्पेशल विषय राज्यशास्त्र. विषय मनापासून आवडतो, मार्कही चांगले पडतात, पण घरी पाहुणे आले की ठरलेलं, "हे शिकून काय पुढारी होणार का?" बाबा म्हणतात पुण्याला जा, एमपीएससी कर. त्याशिवाय दुसरा रस्ताच नाही का?

उत्तर : रस्ते आहेत गं. पण आधी एमपीएससीचंच बोलू, कारण घरचं टेन्शन तिथूनच येतंय. यूपीएससीला राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी 250 मार्कांचे 2 पेपर, आणि आता एमपीएससीच्या राज्यसेवेची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झालीये, त्यामुळे तुझा अभ्यास कामाला येईल हे खरंय. पण जागा थोड्या आणि मुलं लाखांनी. पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये मी पाच-पाच, सहा-सहा वर्षं बसलेली हुशार मुलं बघितलीत, हातात दुसरं काहीच नाही म्हणून त्यांना उठताही येत नाही, फार वाईट वाटतं. परीक्षा द्यायचीच तर किती वर्षं द्यायची ते बाबांसमोर आत्ताच ठरव आणि एमए किंवा 3 वर्षांची एलएलबी करून ठेव. एलएलबीला सीईटी लागते, आणि संविधान तू आधीच वाचलंयस, त्यामुळे पहिलं वर्ष जड जात नाही.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एमएला 55 टक्के, मग सेट नाहीतर नेट, म्हणजे प्राध्यापकांसाठीची राज्याची किंवा देशपातळीवरची पात्रता परीक्षा. पण खरं सांगते, सेट होऊनही वर्षानुवर्षं सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळतात त्या कामावर, तास घेणारे कितीतरी जण माझ्या ओळखीचे आहेत, फक्त त्याच्या भरवशावर राहू नकोस.

आता ज्याबद्दल कुणी सांगत नाही ते, सर्व्हे आणि रिसर्च. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती विभाग निवडणुकांचे अभ्यास करतो, घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी बरीचशी कॉलेजचीच मुलं असतात. एमएला असताना मीही एका सर्व्हेत फिरलेय. मतदार यादीतून जे नाव निघालं त्याच माणसाला विचारायचं, शेजारचा कितीही बोलका असला तरी चालत नाही. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारायचंच नाही, डमी मतपत्रिका हातात द्यायची, खूण करून त्यांनीच डब्यात टाकायची. एका घरी मुलगा सारखा मधे मधे, "आईचं मत आमच्याच पार्टीला." आजींनी काही न बोलता कागद घेतला, आत गेल्या, आल्या तेव्हा कागदाच्या चार घड्या घातलेल्या, डब्यात टाकला आणि मग चहाला बसवलं. असं काम तू एकदा तरी करच. त्यासोबत एक्सेल आणि थोडं स्टॅटिस्टिक्स शिकलीस की सामाजिक संस्था, मीडिया, मार्केट रिसर्चवाले, प्रचाराचं काम घेणाऱ्या कंपन्या, सगळ्यांना अशी माणसं लागतात.

इंग्रजी बरं असेल तर संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेची लॅम्प फेलोशिप बघ, 25 वर्षांपर्यंतच्या पदवीधरांना एका खासदाराबरोबर काम करायला मिळतं, सभागृहात विचारायचे प्रश्न तयार करणं, विधेयक वाचून टिपणं काढणं वगैरे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री फेलोशिप आहे, पण तिला 60 टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो, म्हणजे ती तुला नंतर.

आणि घरापासून फार लांब जायचं नसेल तर टिसचा (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) तुळजापूर कॅम्पस आहे, ग्रामीण विकासाचं शिक्षण तिथे मिळतं. पंचायत राजच्या 73 व्या घटनादुरुस्तीवर पेपरात दहा मार्कांचं उत्तर लिहिणं वेगळं आणि ग्रामसभेत मागे बसून निधी कुठल्या गल्लीत का गेला हे ऐकणं वेगळं. टिसला एमएसाठी सीयूईटी पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही, आणि फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, टीवायचा निकाल लागायच्या कितीतरी आधी. आपल्याकडची मुलं नेमकी इथेच हुकतात, निकालाची वाट बघत बसतात आणि तोवर मुदत संपलेली असते, म्हणून दिवाळीनंतर दर आठवड्याला वेबसाइट बघत जा.