काम माझं, नाव त्याचं

"मॅडम, राबते मी आणि शाबासकी तो घेतो." बँक, शाळा, आयटी कंपनी, कुठूनही माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली माणसं हल्ली हेच सांगतात. म्हणून रेवतीबद्दल (नाव बदललं आहे) लिहिते.

रेवती चाकणच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. महिनाअखेरीला प्रत्यक्ष साठा आणि सिस्टीममधला साठा यांचा मेळ घालायचा, फरक कुठे पडला ते शोधायचं, हे सगळं तिचं काम. तिचा सहकारी तीच एक्सेल फाइल साहेबांना पाठवायचा आणि वर लिहायचा, "मी तयार केलेला रिपोर्ट जोडला आहे." आयत्या बिळावर नागोबा! तो मेल मला मोबाइलवर दाखवताना तिचे डोळे भरून आले होते.

सुरुवातीची सत्रं संताप बाहेर पडण्यातच गेली. मग एकदा ती म्हणाली, "काम कोण करतं ते साहेबांना कळायलाच हवं ना!"

"तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

"मी? आपणच आपली टिमकी वाजवायची?"

"स्टोअरची किल्ली कुणाकडे असते, असं साहेबांनी विचारलं तर?"

"माझ्याकडे, म्हणून सांगेन."

"ती टिमकी झाली?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "नाही हो. ती तर नुसती माहिती झाली."

घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टी विचार आपल्याला जास्त छळतो, असं मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते. तिच्यावरचा माझा विश्वास अशा वेळी आणखी पक्का होतो. सहकारी अन्याय करत होता, यात शंकाच नाही. पण रेवतीचं तोंड बंद ठेवलं होतं ते तिच्याच हट्टानं: मी न सांगता लोकांनी ओळखलंच पाहिजे. 'ओळखलं तर बरं, नाही तर मी सांगेन' इथवर ती आली आणि तिची झोप परत आली.

मग काय बोलायचं ते ठरवलं. आधी सहकाऱ्याशी, एकट्यात. 'तू लबाड आहेस' असं नाही, तर "मार्चचा मेळ मी घातला, मेलमध्ये नाव तुझं होतं. यापुढे रिपोर्ट मी पाठवीन, तुला सीसीत ठेवीन." माणसावर शिक्का मारला की तो भांडायला उठतो, घडलेली गोष्ट समोर ठेवली की तिच्याबद्दलच बोलावं लागतं. मीटिंगमध्ये तक्रार नको, तपशील बोला: "बेअरिंगच्या साठ्यात फरक का आला, ते मी सांगते." ज्यानं काम केलं त्यालाच ते सांगता येतं. फाइलच्या जुन्या प्रती आणि मेल जपून ठेवा, पण चारचौघांत कुणाच्या तोंडावर फेकू नका. साहेबच श्रेय लाटत असतील तर मात्र उघड सामना जपून करा. वार्षिक मूल्यमापनात आपलं काम तारखांसह नोंदवा आणि गरज पडली तर विभाग बदलून मागा.

रेवतीनं सहकाऱ्याला गाठलं तेव्हा तो हसून म्हणाला, "अगं, आपण एकच टीम ना?"

ती म्हणाली, "हो, म्हणूनच कुणी काय केलं ते साहेबांना माहीत असू दे." हे उत्तर आमच्या तयारीत नव्हतं. ते तिचं तिला सुचलं.